बास, आलं घर

१

कॅरॅव्हॅन मागे घेणे हे दोघांचे काम आहे. काही लोक एकट्यानेही घेतात, पण आमच्या ग्रेमला ते कधी जमले नाही. पुढे गाडी आणि मागे तिला जोडलेले अख्खे घर. स्टिअरिंग उजवीकडे फिरवले की घर डावीकडे जाते. ग्रेमच्या डोक्यात हे बसले होते, हातात बसले नव्हते. म्हणून रोज संध्याकाळी, मुक्काम असेल तिथे, मी वॉकीटॉकी घेऊन मागे उभी राहायची आणि तो आरशात बघायचे सोडून माझा आवाज ऐकायचा.

"ये... ये... डावीकडं थोडं. अरे, डावीकडं! ये... आता सरळ कर. ये..."

शेजारच्या कॅरॅव्हॅनवाल्यांची ही संध्याकाळची करमणूक असते. घडीच्या खुर्च्या टाकून, हातात बिअर घेऊन ते बघत बसतात. एकदा एकाने ओरडून विचारले होते, "काय हो, घटस्फोट झाल्यावर जेवायला बसू, की आधीच बसू?" ग्रेमने खिडकीतून उत्तर दिले, "बसा तुम्ही, आम्हाला वेळ लागेल!"

घर जागेवर आले की मी म्हणायची, "बास. आलं घर." आणि ग्रेम वॉकीटॉकीवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणायचा, "तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं गं!" मग मी पुढे चालत यायची, येता येता कॅरॅव्हॅनच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायची. कधीपासून करत होते कोण जाणे. सवय.

"आलं घर" मी उगाच म्हणत नव्हते. बेंडिगो गावातले आमचे घर आम्ही विकले होते. ग्रेमने दुकान बंद केले, मी शाळेच्या कचेरीतली नोकरी सोडली, आणि जे काही राहिले ते या पांढऱ्या डब्यात होते. बहीण म्हणाली, "नरेल, वेडी झालीस? उद्या भांडलात तर जाशील कुठं?" मी हसले. तिला खरे कारण सांगितले नव्हते. ग्रेम गेली काही वर्षे बोलेनासा झाला होता. भांडण नाही, राग नाही. नुसते समोरासमोर बसून जेवायचे आणि भांडी घासायची. एका गाडीत दिवसभर शेजारी बसलो तर हा माणूस कधी तरी बोलेलच, असा माझा हिशोब होता. मी धीराची आहे. रोज रात्री टिपणे लिहिते, आणि त्यातही "आज ग्रेम जास्त बोलला" अशी ओळ लिहायला मिळावी म्हणून वाट बघत असे.

क्वीन्सलंडच्या पश्चिम टोकाला पोचलो आणि पाऊस सुरू झाला. रस्ते बंद झाले, आम्ही अडकलो. पुन्हा उघडले तेव्हा सगळा मुलूखच बदलला होता. जिथे वर्षानुवर्षे लाल धूळ, तिथे आभाळ दाखवणारे पाणी, पिवळ्या फुलांचे पट्टे आणि समुद्र सोडून इतक्या आत आलेले पेलिकन पक्षी. बेडकांचा आवाज इतका की गप्प झाले तरच लक्षात यावे. पावसानंतरच्या त्या धुतलेल्या हवेत वायरलेसवरचे आवाज फार लांबून येतात. आम्ही गाडीतला संच कॅरॅव्हॅनवाल्यांच्या अठरा नंबरच्या चॅनेलवर लावून ठेवायचो. कुणी कुणाला चहाला बोलावतेय, कुणाचे चाक रुतलेय. ती माणसे कधी दिसायची नाहीत.

२

बंदी उठली तरी ओढे वाहतच होते. आमच्याकडचा नियम साधा आहे: चालून बघितल्याशिवाय पाण्यात गाडी घालायची नाही. पाय टेकतोय का, तळ घट्ट आहे का, हे एकाने चालत बघायचे आणि पलीकडे उभे राहून दुसऱ्याला बोलवायचे. ग्रेमचे गुडघे गेलेले, त्यामुळे चालायची मी. जुने कापडी बूट, हातात काठी, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी आणि गळ्यात पिवळी डबी. ही डबी म्हणजे धोक्याचा संदेश पाठवणारे यंत्र. बटण दाबले की उपग्रहामार्फत बचाव कचेरीला कळते आपण कुठे आहोत. तिच्या पाठीवर माझे नाव मीच लिहिले होते.

पहिला ओढा सोपा होता. पाणी गुडघ्यापर्यंत, तळाला खडी. पलीकडे पोचून मी म्हटले, "ये. सरळ ये, हळूहळू." ग्रेम आला. मी दार उघडले आणि थांबले.

माझ्या सीटचा पट्टा लावलेला होता. रिकाम्या सीटवरून आडवा, खटक्यात घट्ट बसवलेला.

"पट्टा का लावलास?"

"कुठला पट्टा?" ग्रेम पुढे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर अजून कशाचे तरी हसू होते. "चढ ना. आणि हो, पटलं मला. करतो मी टेडला फोन."

टेड म्हणजे ग्रेमचा भाऊ. आईच्या अंत्यसंस्कारानंतर दोघे बोलले नव्हते. टेडला फोन कर, हे वाक्य माझ्या जिभेवर कितीतरी वर्षे होते आणि ते मी एकदाही उच्चारले नव्हते.

"मी कधी म्हटलं असं?"

"आत्ताच की. पाण्यातून जाताना." त्याने गिअर टाकला. "बरं झालं बोललीस. तू कधी बोलत नाहीस स्पष्ट."

मी पट्टा सोडवला आणि बसले. सीट उबदार होती. ऊन त्याच बाजूने येत होते, तेव्हा उबदार असणारच, असे मी स्वतःला सांगितले. पट्टा मीच उतरताना चुकून खटक्यात घातला असेल. आणि टेडचे? मी बोलले नव्हते, याची मला खात्री होती. पण त्या संध्याकाळी ग्रेमने खरोखरच टेडला फोन केला. दारात उभा राहून हसला, मग रडला. माझ्या टिपणात मी लिहिले: आज ग्रेम खूप बोलला. बाकीचे लिहिले नाही.

३

टारवीना म्हणजे एक पंप, एक दारूचे दुकान आणि घोड्यांच्या शर्यतीचे मैदान. रस्ता अडला की सगळे त्या मैदानावर राहतात. तिथे कोरल भेटली. आमच्याहून वयाने मोठी, केस जांभळ्या रंगात रंगवलेले, नवरा व्हिन्स बारीक आणि मुका असल्यासारखा. मी दोरीवर कपडे घालत होते तर ती दोन्ही हात पसरून आली.

"अगं, तूच ना ती नरेल! तोंडानं ओळखत नव्हते, आवाजानं ओळखलं असतं. काय हसवलंस गं आम्हाला काल!"

"काल?"

"वायरलेसवर! आम्ही मागंच होतो तुमच्या. व्हिन्स हसला गं, व्हिन्स! लग्नात हसला नव्हता हा माणूस. व्हिन्स, हसलास की नाही?"

व्हिन्सने मान हलवली.

"नवऱ्याला किती छान चिडवतेस. आणि ते गाणं म्हटलंस ना, मधेच..."

"मी गाणं म्हटलं?"

"हो! बरं म्हणतेस. जरा नाकात, पण बरं." तिने माझ्याकडे निरखून पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू थोडे खाली आले. "इथं मात्र तू गप्प दिसतेस."

काल आम्ही दोन ओढे ओलांडले होते. दोन्ही वेळा मी पाण्यात होते, वॉकीटॉकी काखेत धरलेली, आणि "ये" याखेरीज एक शब्द बोलले नव्हते. कपडे दोरीवर घालून झाले तरी मी चिमटे हातात घेऊन उभी होते. कारण मला जे सुचले ते सगळ्यात सोपे होते आणि सगळ्यात घाण: दुसरी बाई. मागच्या किंवा पुढच्या कुठल्या तरी कॅरॅव्हॅनमधली, एकटी फिरणारी. मी पाण्यात उतरले की ग्रेम तिच्याशी बोलतो. आवाज माझ्यासारखा असेल. सगळ्याच बायकांचे आवाज त्या डबड्यातून सारखे येतात. आणि मी, मूर्ख, इकडे तळ चाचपत होते.

त्या रात्री मी ग्रेमला सरळ विचारले.

"कोण आहे ती?"

"कोण?"

"वायरलेसवर बोलतोस ती."

तो माझ्याकडे बघत राहिला. चोरी पकडलेल्या माणसासारखा नाही. ज्याला प्रश्नच कळला नाही अशासारखा. "तुझ्याशीच तर बोलतो, नरेल. इतकी वर्षं नाही बोललो तेवढा आता बोलतो. तेही नको का?"

मला रडू आले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो ठेवू दिला.

४

पुढचे दोन-तीन दिवस सुके गेले. ओढा नाही, पाणी नाही. मी जागची हलले नाही आणि ग्रेम एक अक्षर बोलला नाही. जुना ग्रेम. जबडा आवळून पुढचा रस्ता बघायचा. मधेच नकाशावर बोट ठेवायचा.

"पुढं कारी ओढा आहे ना?"

"आहे."

"पाणी असेल त्याला?"

"असेल. का?"

"असंच."

माणूस सणाची वाट बघतो तशी तो पाण्याची वाट बघत होता.

कारी ओढ्याला मी हट्ट केला. म्हटले, या वेळी तू चाल. माझा पाय दुखतोय. तो कुरकुरला नाही; उलट लगेच उतरला, माझीच काठी घेतली, आणि लंगडत पाण्यात शिरला. मी स्टिअरिंगमागे बसले. शेजारची सीट, माझी सीट, रिकामी होती. तिचा पट्टा लोंबत होता. मी तो हाताने ओढून पाहिला आणि सोडला.

ग्रेम ओढ्याच्या मध्यावर थांबला. पाठ माझ्याकडे. वॉकीटॉकी तोंडाशी. आणि गाडीतल्या संचातून त्याचा आवाज आला, अगदी मोकळा, लग्नाआधीच्या ग्रेमचा.

"नाही गं, खरंच सांगतोय... हो. हो. तू म्हणशील तसं."

मग शांतता. दोन माणसे बोलताना दुसऱ्याचे ऐकायला लागतो तेवढीच शांतता. मी संचाकडे बघत होते. त्याचा लाल दिवा लागला होता. कुणी बोलत असले की तो लागतो. आवाज मात्र आला नाही. मला आला नाही. दिवा विझला, आणि पाण्यातला ग्रेम खळखळून हसला, इतका की काठी सटकून तो जवळजवळ पडला.

माझा बोलायचा माईक हुकावर होता. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

पलीकडे पोचल्यावर त्याने मला बोलावले, मी गाडी नेली. तो आत चढला. "काय हसवतेस गं!" एवढे म्हणाला, आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाला.

मी रात्रभर विचार केला, आणि एका कारणापाशी येऊन थांबले. ग्रेमचे वडील. ते शेवटी भिंतीशी बोलायचे, वारलेल्या बायकोला ताटात वाढायचे. ग्रेमला तेच होत होते. पट्टा त्यानेच लावला, संभाषणे त्याच्या डोक्यातली. कोरलने दुसऱ्याच कुणाचे ऐकले असेल. दिवा कुठल्या तरी लांबच्या गाडीमुळे लागला असेल. सगळे बसले. एकदा बसल्यावर मला इतके हलके वाटले की लाज वाटली: दुसरी बाई नव्हती. माझा नवरा आजारी होता आणि मी त्याला घरी, म्हणजे डॉक्टरकडे, नेणार होते. या आजारी माणसाला पुन्हा पाण्यात उतरू द्यायचे नाही, असे मी ठरवले. यापुढे प्रत्येक ओढा मीच चालणार.

५

बर्डी ओढा. रुंद, चहात दूध घातल्यासारखे पाणी, दोन्ही काठांना मोठी निलगिरीची झाडे. सकाळची वेळ. ऊन स्वच्छ, बेडूक गप्प.

"वरच्या बाजूला काल पाऊस झालाय," ग्रेम म्हणाला. "बातम्यांत सांगितलं. दुपारपर्यंत पाणी वाढेल. आत्ताच बघून ये."

"बघते. तू बस."

मी कापडी बूट चढवले, डबी गळ्यात घातली. माझी हॅट, हिरव्या फितीची, कुठे सापडेना. सीटखाली बघितले, कॅरॅव्हॅनमध्ये बघितले. "राहू दे ना हॅट," ग्रेम म्हणाला, आणि मागच्या सीटवरून एक पाठपिशवी काढून माझ्या हातात दिली.

"हे घे. पाणी आहे त्यात, खायला आहे. ऊन फार आहे."

इतक्या वर्षांत त्याने कधी माझी पिशवी भरली नव्हती. आमच्या मुलखात पाण्याशिवाय गाडीपासून लांब जायचे नाही हे शेंबड्या पोराला कळते. पण ओढा ओलांडायला पिशवी? मी त्याच्याकडे पाहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता, स्टिअरिंगवरची माती नखाने खरवडत होता. आजारी आहे, मी मनात म्हटले, आणि तरी माझी काळजी करतोय. मी त्याच्या गालाला हात लावला. तो दचकला.

"जा ना," तो म्हणाला.

पाणी मांडीपर्यंत होते, तळ चांगला. ओढ मात्र जाणवत होती. पलीकडे चढले, काठी टेकली, मागे वळले. ओढ्यापलीकडे आमची गाडी, मागे पांढरे घर, काचेवर उन्हाचा पांढरा गोळा.

"तळ घट्ट आहे," मी वॉकीटॉकीवर म्हटले. "ये. सरळ ये."

गाडी हलली नाही.

"ग्रेम? ये."

खरखर झाली. मग त्याचा आवाज आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

"ती पोचली पलीकडं. आता सांग, मागं कसं घेऊ?"

आणि मी उत्तर ऐकले. या वेळी ऐकले.

"ये... ये... डावीकडं थोडं. अरे, डावीकडं! हां. ये... आता सरळ कर. ये..."

माझा आवाज. जरा नाकातला. त्यात एक हसू होते, जे मी कधीकाळी टाकून दिले होते आणि विसरलेही होते.

गाडी मागे जायला लागली. त्या अरुंद काठावर, झाडांच्या मधून, जिथे मी सांगूनही ग्रेमला सात वेळा पुढे-मागे करावे लागले असते, तिथे आमचे घर एका दमात गोल वळले, जणू कुणी हाताने धरून वळवले.

"ग्रेम!" मी बटण दाबून ओरडत होते. "ग्रेम, मी इकडं आहे! इकडं बघ!" पण एक जण बोलत असला की दुसऱ्याचे जात नाही. त्या बाजूने कुणी तरी बोलतच होते.

"बास."

घर थांबले. कॅरॅव्हॅनच्या मागून कुणीतरी पुढे चालत आले. पाण्यापलीकडून, झाडांच्या सावलीतून मला पाठ दिसली, कापडी बूट दिसले, ओल्या मांड्यांना चिकटलेली पँट दिसली. हिरव्या फितीची हॅट दिसली. चालता चालता पत्र्यावर दोनदा टकटक झाली. पाण्यावरून ती मला स्पष्ट ऐकू आली. मग माझ्या बाजूचे दार उघडले. हात वर आला, पट्टा ओढला, खटक्यात लावला.

चेहरा दिसला नाही. मी बघायचा प्रयत्नही केला की नाही, सांगता येत नाही.

ग्रेमने आरशात पाहिले असेल. आरसा माझ्याकडेच होता. त्याने एकदा ब्रेक दाबला. लाल दिवे लागले आणि मी पाण्यात धावले. दिवे विझले.

पाणी कमरेला आले. जिथून मी आत्ताच चालत आले होते तिथेच. ते वाढायला लागले होते. झाडाची एक फांदी माझ्या पोटावर आदळून पुढे गेली, आणि मी मागे फिरले.

६

काठावर बसून मी पिशवी उघडली. बरेच पाणी. बिस्किटांचा डबा. गरम स्वेटर, वाचायचा चष्मा, दाढदुखीचे तेल. आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या. एखाद्या दिवसाच्या नव्हेत, अख्खे पाकीट. ओढा ओलांडायला इतके लागत नाही. इतके, ज्याला परत आणायचे नाही त्याला देतात.

पण मला त्याहून वेगळीच गोष्ट दिसत होती. गोळ्या रुमालात बांधल्या होत्या, रुमालाची टोके आत खोचलेली. डब्याला रबर लावले होते, आडवे आणि उभे. मोजे एकात एक घालून उलटवलेले. ग्रेमला घरात रबर कुठे असतात तेही माहीत नव्हते. ही पिशवी भरायची पद्धत माझी आहे. दुसऱ्या कुणाची नाही. कुणीतरी माझ्या हातांनी, माझ्या काळजीने, मला बांधून दिले होते. आणि माझ्या नवऱ्याने ते गाठोडे उचलून माझ्या हातात ठेवले होते. गालाला हात लावला तेव्हा तो का दचकला, ते मला तिथे कळले. हा माणूस आजारी नव्हता. दोघींमधला फरक त्याला पहिल्या ओढ्यापासून कळत होता.

मी पिवळ्या डबीचे बटण दाबले. दिवा लुकलुकायला लागला. मला माहीत होते आता काय होईल: कचेरीत घंटा वाजेल, डबीवरच्या नोंदीतून नाव निघेल, मग नोंदीत दिलेल्या माणसाला ते आधी फोन करतील, आणि मग विमान निघेल. मी झाडाखाली बसले आणि आभाळाकडे बघत राहिले. पेलिकन आले, गेले. पाणी वाढले. संध्याकाळ झाली, बेडूक बोलायला लागले. विमान आले नाही. सकाळी दिवा लुकलुकतच होता. विमान आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या बाजूच्या रस्त्याने घरघर ऐकू आली. रस्ता सपाट करणारे पिवळे यंत्र, आणि त्यावर लाल दाढीचा जाडजूड माणूस. मला बघून त्याने इंजिन बंद केले.

"अहो बाई! इथं काय करताय? गाडी कुठं?"

"नवरा... पलीकडून परत गेला."

"भांडण?" त्याने मला हात देऊन वर घेतले, स्वतःची पाण्याची बाटली दिली. त्याचे नाव नॉर्म. "माझी बायको पण मला एकदा पंपावर सोडून गेली होती. चूक माझीच होती म्हणा. पण इथं? इथं कुत्र्यालाही कुणी सोडत नाही."

"मी डबी दाबली होती. काल सकाळी. कुणी आलं नाही."

नॉर्मचा हात गिअरवर थांबला. "कालचा तो इशारा? बर्डी ओढ्याचा? आम्हाला वायरलेसवर आलं होतं, लक्ष ठेवा म्हणून. मग थोड्या वेळानं म्हणाले, राहू द्या, खोटा इशारा. नवऱ्याला फोन लागला त्यांचा. सॅटेलाइट फोन होता म्हणे."

"काय म्हणाला तो?"

"तो नाही. बाई स्वतःच बोलल्या ना. नाव, जन्मतारीख, सगळं बरोबर सांगितलं. म्हणे, डबी हरवलीय, कुठल्या ओढ्यात पडली असेल, पाण्यानं बटण दाबलं गेलं असेल. हसत होत्या म्हणे फार. माफी मागत होत्या." त्याची नजर माझ्या गळ्यातल्या लुकलुकत्या दिव्याकडे गेली. त्याने डबी उलटी केली, पाठीवरचे माझे अक्षर वाचले, आणि पुन्हा छातीवर सोडली. "मग तुम्ही कोण?"

मी तोंड उघडले. नाव सांगायचे होते. पण ते नाव त्या क्षणी कुठेतरी पुढे चालले होते, पट्टा लावून, खिडकीतून फुले बघत. आणि जी गोष्ट दोघींनी म्हटली तर खोटी मीच ठरणार, ती म्हणायला माझी जीभ उचलेना.

नॉर्मने यंत्र वळवले आणि आम्ही हळूहळू निघालो. लाल चिखल, पिवळी फुले, तिरपे ऊन. त्याने सोबतीला म्हणून वायरलेस लावला. आकडा फिरवत फिरवत अठरावर आला. खूप लांबून, धुतलेल्या हवेतून, खरखरत, एका बाईचा आवाज येत होता.

"ये... ये... थोडं अजून. ये..."

नॉर्म हसला. "कुणीतरी मुक्कामाला लागलंय. ऐका आता गंमत. आता भांडणार."

भांडण झाले नाही.

"बास," ती म्हणाली. "आलं घर."

आणि ग्रेम, सगळ्यांना ऐकू जाईल असा, मोकळा हसत म्हणाला, "तुझ्याशिवाय माझं काय झालं असतं गं!"

"वा," नॉर्म म्हणाला. "जोडी झकास दिसते."